बुलेटचं टायमिंग: ठिणगी नेमकी कधी पडायला हवी

जुनी कास्ट आयर्न बुलेट गॅरेजमध्ये नेली आणि "ओढत नाही", "मिसिंग करते", "लवकर तापते" असं काहीही सांगितलं, की बहुतेक ठिकाणी पहिला हात कार्बोरेटरला जातो. मिकार्ब (बुलेटचा कार्बोरेटर) खोलायचा, जेट फुंकायचे, हवेचा स्क्रू अर्धा आटा इकडे नाहीतर तिकडे. चार दिवस गाडी बरी वाटते, मग पुन्हा तेच रडगाणं. माझं ठाम मत आहे की पॉइंटवाल्या इंजिनात (पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा छोटा स्विच) कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, आणि ही दोन्ही बरोबर आहेत याची खात्री झाली की मग कार्बोरेटर. क्रम चुकला की एका दोषावर दुसऱ्या दोषाचं ठिगळ लागतं आणि खरा दोष तसाच राहतो.

मद्रासमध्ये 1955 पासून बुलेट बनू लागली. 350 चं इंजिन 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी, आणि मूळ घडण दशकानुदशकं तीच. 2010 च्या सुमारास यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं) आलं आणि कास्ट आयर्नचा काळ संपला. ज्या गाड्यांमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे त्यांना खालची जुळवणी लागत नाही. पण सातारा-कोल्हापूरकडे आजही पॉइंटवर चालणाऱ्या कितीतरी बुलेट रोजच्या वापरात आहेत. हे त्यांच्या मालकांसाठी.

पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी का?

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये बार उडाल्यासारखं एका क्षणात फुटतं असा समज आहे. तसं होत नाही. प्लगपाशी ज्योत पेटते आणि ती पसरत पसरत दुसऱ्या टोकाला जाते. त्यामुळे दाब चढायला काही मिलिसेकंद लागतात. हा दाब शिगेला कधी पोचायला हवा? पिस्टन टॉपवरून, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेवरून खाली निघाल्यावर, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) साधारण 15 डिग्री पुढे गेल्यावर. सायकलचं पायडल अगदी उभं, वरच्या टोकाला असताना कितीही जोर लावला तरी चाक फिरत नाही. ते जरा पुढे कलल्यावर दिलेला जोर कामी येतो. क्रँकचंही तेच गणित आहे.

जळायला वेळ लागतो म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. ती किती आधी पडते याला ॲडव्हान्स म्हणतात. पॉइंटवाल्या 350 बुलेटला हा आकडा पिस्टनच्या अंतरात दिलेला असतो: पिस्टन टॉपच्या 0.8 मिलिमीटर, म्हणजे एक बत्तीसांश इंच खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. क्रँकच्या भाषेत हे जवळपास 10 डिग्री होतात.

पण हे 10 डिग्री फक्त संथ चालीचे. इंजिन 800 आरपीएमवर असताना एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम 5 डिग्री फिरतो, 3000 आरपीएमला तेवढ्याच वेळात 18 डिग्री. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हे काम पॉइंटच्या प्लेटमागे बसलेलं ऑटो ॲडव्हान्स युनिट करतं. त्यात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंटचा कॅम (पॉइंट उघडणारा उंचवट्याचा फिरता तुकडा) त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पुढे सरकवतात, त्यामुळे पॉइंट लवकर उघडतात. अशा इंजिनांत एकूण ॲडव्हान्स तीसेक डिग्रीच्या घरात जाऊन थांबतो. त्यापुढे वाढवावा लागत नाही, कारण वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि मिश्रणही झपाट्याने जळतं.

ठिणगी पॉइंट उघडल्यावर पडते

हा मुद्दा मनात पक्का बसला की बाकी सगळं सोपं होतं. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात काही हजार व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. करंट तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडू नये म्हणून कंडेन्सर असतो. चालू इंजिनात पॉइंटवर ठळक निळ्या ठिणग्या दिसत असतील आणि पॉइंटचं तोंड वारंवार जळून खड्डे पडत असतील तर आधी कंडेन्सर बदला.

बुलेटवाल्यांना हे उघडणं-मिटणं रोज डोळ्यांना दिसत असतं. हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर बघा. चावी लावून सावकाश किक दाबत गेलं की काटा वजा बाजूला झुकलेला असतो आणि एका जागी येऊन तो मध्यावर येतो. तिथे डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर दाबून किक थोडी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण ताकदीने मारायची. ही रीत जुन्या लोकांनी सगळ्यांना शिकवली, पण काटा मध्ये का येतो हे क्वचितच कोणी सांगितलं. काटा झुकलेला असतो तेव्हा पॉइंट मिटलेले असतात आणि कॉइल करंट खात असते. काटा मध्ये आला म्हणजे पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबण्याच्या फेऱ्याच्या) टॉपजवळ आला. टायमिंग बघायचं सगळ्यात उत्तम साधन गाडीवर कंपनीनेच बसवून दिलेलं आहे.

आधी फट

पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांच्यातली फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेखाली बरोबर मध्ये येईपर्यंत इंजिन फिरवा आणि फिलर गेजने (मोजक्या जाडीच्या पात्यांनी) मोजा. पातं किंचित घासत सरकलं पाहिजे, अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. पॉइंटच्या तोंडावर एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ असेल तर फिलर गेज खोटं बोलतं. ते टेंगळावर टेकतं आणि खरी फट त्याहून मोठी असते. अशा वेळी बारीक कानसीने तोंड सपाट करा, नाहीतर सरळ नवे पॉइंट टाका. कानस मारल्यावर पेट्रोलने पुसून घ्या, कारण तेलाचा ओशट थर राहिला तरी ठिणगी कमजोर होते.

फट आधी का, याचं कारण फट बदलली की टायमिंगही बदलतं. फट मोठी केली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग ॲडव्हान्स होतं. फट लहान झाली की उशिरा उघडतात आणि टायमिंग रिटार्ड होतं. वापरात फायबरची टाच झिजत जाते, फट कमी होत जाते आणि कोणीही हात न लावता गाडीचं टायमिंग हळूहळू मागे सरकत जातं. "आधी छान पळायची, आता मरगळलीय" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

टॉप शोधायची खरी अडचण

प्लग काढायचा, भोकातून स्पोक घालायचा, चाक फिरवत स्पोक सगळ्यात वर आला की तो टॉप. सांगायला सोपं आहे, पण टॉपजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. टॉपपासून 5 डिग्री अलीकडे असताना बुलेटचा पिस्टन फक्त 0.2 मिलिमीटर खाली असतो. बोटाला आणि डोळ्याला एवढा फरक कळत नाही. म्हणजे अंदाजाने धरलेला टॉप सहज 5 डिग्री इकडे-तिकडे असू शकतो, आणि आपल्याला एकूण हवेत 10. त्यात प्लगचं भोक तिरकं असल्याने स्पोकवर मोजलेले 0.8 मिलिमीटर हे पिस्टनचे 0.8 मिलिमीटर नसतात. जाणकार मिस्त्री हाताच्या सवयीने जमवतात. घरी करणाऱ्याने ते करू नये, कारण त्याहून भरवशाचा मार्ग आहे.

गाडी मेन स्टँडवर घ्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लग काढा आणि टॉप गिअर टाका. मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवलं की इंजिन आपल्या नेहमीच्या दिशेने फिरतं. मडगार्डच्या कडेला एक तार बांधून तिचं टोक टायरच्या मध्यभागाजवळ आणा. हा झाला आपला काटा. प्लगच्या भोकावर अंगठा धरा. हवा अंगठ्याला जोरात ढकलते तो कॉम्प्रेशनचा फेरा, तोच आपल्याला हवा.

आता भोकातून प्लास्टिकची लांब स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा. धातूची काडी तिरक्या भोकात अडकून वाकू शकते, पिस्टनलाही ओरखडा पडतो. स्ट्रॉ अडकली तर काही बिघडत नाही. चाक पुढे फिरवून स्ट्रॉ सगळ्यात वर आली की भोकाच्या काठाशी तिच्यावर पेनाने खूण करा, आणि त्या खुणेच्या वर एक सेंटीमीटरवर दुसरी खूण. चाक बरंच मागे घ्या आणि सावकाश पुढे आणत राहा. स्ट्रॉ वर येताना दुसरी खूण काठाशी आली की थांबा आणि तारेसमोर टायरवर खडूने रेघ मारा. ही अ. तसंच पुढे फिरवत राहा. स्ट्रॉ टॉपला जाऊन पुन्हा खाली उतरेल. तीच खूण परत काठाशी आली की तारेसमोर दुसरी रेघ मारा. ही ब. अ आणि ब यांच्या बरोबर मध्ये खरा टॉप आहे. पिस्टन खाली असताना तो भराभर हलतो, म्हणून या दोन्ही रेघा अचूक येतात. स्ट्रॉ तिरकी असली तरी दोन्ही वेळा सारखीच तिरकी असते, त्यामुळे चूक आपोआप कटते. एक गोष्ट मात्र पाळा: प्रत्येक रेघेपर्यंत चाक पुढच्याच दिशेने आणायचं. रेघ ओलांडली गेली तर थोडंसं मागे घेऊन चालत नाही. चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मध्ये येतो. बरंच मागे जा आणि पुन्हा पुढे या.

राहिले 10 डिग्री. एका कॉम्प्रेशन टॉपपासून पुढच्या कॉम्प्रेशन टॉपपर्यंत क्रँक दोन फेरे, म्हणजे 720 डिग्री फिरतो. तेवढ्यात टायर किती सरकला ते शिंप्याच्या टेपने मोजा. 350 वर हे अंतर साधारण 75 ते 80 सेंटीमीटर येतं, स्प्रॉकेट आणि टायर बदललेले असतील तर वेगळं येईल, म्हणून स्वतःच्या गाडीवर मोजा. त्याला 72 ने भागा. 10 डिग्रीला टायरवर जवळपास 11 मिलिमीटर मिळतात. टॉपच्या रेघेपासून अ रेघेच्या बाजूला एवढं अंतर मोजून तिसरी रेघ मारा. पॉइंट नेमके या रेघेवर उघडायला हवेत. डोळ्याला न दिसणारे पिस्टनचे 0.8 मिलिमीटर आता टायरवर बोटभर रुंदीचे झाले.

प्लेट फिरवणं

टायमिंग लावण्याआधी ॲडव्हान्स युनिट तपासा. कॅम बोटांनी फिरवून पाहा, तो एकाच दिशेने स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध फिरतो. सोडल्यावर झटक्यात जागेवर आला पाहिजे. रेंगाळत असेल तर वजनांच्या पिना गंजल्यात किंवा स्प्रिंग ढिली झालीय. अशा युनिटवर कितीही काळजीने टायमिंग लावलं तरी ते टिकत नाही. कॅम ज्या दिशेने असा फिरतो तीच त्याची चालण्याची दिशा, ती लक्षात ठेवा.

प्लग वायरला जोडून हेडच्या धातूवर टेकवून ठेवा, पण भोकापासून लांब. कारण पॉइंट उघडले की खरी ठिणगी पडणार आहे आणि भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. चाक पुढे आणत तारेसमोर तिसरी रेघ आणा. चावी लावा, लाइट बंद ठेवा. प्लेटचे बोल्ट किंचित ढिले करा. अँपिअर मीटरचा काटा वजाकडे झुकलेला असेल तर पॉइंट अजून मिटलेले आहेत. प्लेट कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेने अगदी हळू सरकवत जा. ज्या क्षणी काटा मध्यावर उडी मारेल तिथे थांबा आणि बोल्ट आवळा. काटा आधीपासूनच मध्ये असेल तर टायमिंग पुढे गेलेलं आहे. प्लेट कॅमच्या दिशेने फिरवून आधी पॉइंट मिटू द्या, मग परत उलट या. पॉइंट मिटलेले असताना चावी उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

बोल्ट आवळताना प्लेट बहुतेक वेळा केसभर हलतेच. म्हणून चाक हातभर मागे घेऊन पुन्हा सावकाश पुढे आणा आणि काटा रेघेवरच उडतो का ते पाहा. बॅटरी उतरलेली असेल किंवा मीटर बंद पडला असेल तर पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहा. कागद सुटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा.

प्लेटच्या खाचा संपल्या तरी टायमिंग जुळत नसेल तर कोणीतरी इंजिन उघडून गिअर एक दाता चुकीचा बसवलाय किंवा ॲडव्हान्स युनिट शाफ्टच्या टेपरवर भलत्या जागी आवळलंय. टेपर सोडवायला हातोडा मारू नका. ते काम अनुभवी माणसाकडे द्यावं.

गाडी काय सांगते

टायमिंग फार पुढे गेलं असेल तर पहिली खबर पायाला लागते. किक मारताना इंजिन फार हळू फिरत असतं. ठिणगी वेळेआधी पडली की दाब पिस्टनला टॉप ओलांडू देत नाही, उलटा ढकलतो आणि किक नडगीवर परत येते. बुलेटच्या उलट्या किकने पाय मोडल्याचे किस्से खोटे नाहीत. धावताना तेच टायमिंग चढावर, कमी वेगात जास्त रेस दिली की खणखण असा कोरडा आवाज काढतं. तो आवाज येत असताना गाडी रेटत राहू नये, पिस्टन आणि बेअरिंगवर घाव पडत असतात.

टायमिंग मागे असेल तर आवाज येत नाही, म्हणून ते जास्त काळ लपून राहतं. गाडी खंबाटकीच्या चढाला दम टाकते, ॲव्हरेज घटतं, सायलेंसरचा बेंड निळा पडतो, थ्रॉटल सोडल्यावर मागे फटाके वाजतात. मिश्रण उशिरा पेटतं, त्यातलं बरंचसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही जळत असतं आणि जी उष्णता पिस्टनला ढकलायला हवी ती हेड आणि सायलेंसर तापवते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बुलेटची डगडग जितकी संथ तितकी शान, या हौसेपोटी कित्येक जण मुद्दाम टायमिंग मागे करून घेतात आणि आयडलिंग अगदी खाली आणतात. तो ठेका कानाला गोड लागतो हे मलाही मान्य आहे. पण या इंजिनाचा ऑइल पंप मुळातच मोजकं तेल देतो, आणि तेही इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात. सिग्नलला उभ्या, तापलेल्या आणि जेमतेम फिरणाऱ्या इंजिनात बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) पुरेसं तेल पोचत नाही. नीट टायमिंग लावून आयडलिंग थोडं वर ठेवलेली बुलेटही भारदस्तच वाजते.

सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे निदान आणखी फसवं झालंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं आणि गाडी टायमिंग मागे असल्यासारखी वागते: तापते, मागे फटाके वाजवते. टायमिंग रेघेवर बरोबर असूनही ही लक्षणं राहिली तर प्लगचा रंग पाहा. पांढुरका असेल तर आता मात्र कार्बोरेटरची पाळी. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा, टायमिंगला हात लावू नका.

चार सिलिंडरच्या गाड्यांत, म्हणजे कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत, तत्त्व हेच असतं. फक्त तिथे पुलीवर खुणा असतात, अख्खा डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावतात आणि चालू इंजिनात टायमिंग लाइटने खूण तपासता येते. तिथेही फट आधी.

नवे पॉइंट टाकले असतील तर सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरमध्ये फायबरची टाच लवकर घासते. तेवढं अंतर झालं की फट आणि टायमिंग एकदा परत बघावं. कॅमवर ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. टायरवरच्या खडूच्या रेघा पहिल्याच फेरीत पुसल्या जातात, पण टॉप ते टॉप मोजलेलं अंतर वहीत लिहून ठेवलं तर स्प्रॉकेट किंवा टायर बदलेपर्यंत ते पुन्हा मोजावं लागत नाही.